शिंदीखान्याच्या उंबऱ्यावरचा नारळ

मैमून,

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. लग्न होऊन मी या गावात आले, त्या दिवशी मी दारूच्या जुन्या दुकानाला देऊळ समजून नमस्कार केला. नुसते हात जोडून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी चपला काढल्या, पदर पुढं ओढला, उंबऱ्याला हळद-कुंकू वाहिलं, आईनं ओटीत घातलेला नारळ तिथं ठेवला आणि वर टांगलेली घंटा दणदणून वाजवली. हे फक्त तुला ठाऊक आहे, या भरवशावर मी सारा जन्म काढला.

आईनं सोलापूरहून निघताना बजावलं होतं, "गावाच्या वेशीवर जे पहिलं देऊळ लागेल तिथं नारळ ठेव. चुकू नकोस, सासरची माणसं बघत असतात." आईच्या मनात मारुती होता. पण जेऊर स्टेशनापासून उन्हात हेलकावे खात आलेली आमची बैलगाडी मारुतीच्या अलीकडंच थांबली. जुवाची दोरी सुटली होती. पुरुषमाणसं दोरीशी झटापट करत होती, माझ्यासोबत आलेली करवली गाडीतच पेंगत होती, आणि मी शुक्रवार पेठेतली मॅट्रिक पास मुलगी. पास झाल्याचं मी वाटेत इतक्यांदा सांगितलं होतं की गाडीवानालासुद्धा माझे मार्क पाठ झाले असतील. मला वाटलं, हीच वेळ. सासरच्यांना दाखवून देऊ, शहरातल्या मुलींनाही वळण असतं.

समोर काळ्या दगडांची इमारत. पुढं ऐसपैस ओटा, कमानीचं दार, दाराच्या दोन्ही अंगांना कोनाडे, आणि मधोमध साखळीला पितळी घंटा. तूच सांग, पदराच्या फटीतून बघणाऱ्या माणसाला आणखी काय वाटणार?

घंटा वाजली आणि आतून देव यायच्या ऐवजी एक बकरी आली. तिच्यामागून तू. माझ्याएवढीच, हातात कडब्याची पेंढी, नाकात चमकी. माझ्याकडं पाहिलंस, नारळाकडं पाहिलंस.

"अगं बाई, काय करतीस?"

"दर्शन घेते आहे," मी पुस्तकी मराठीत म्हणाले. "आपण पुजारीण आहात का?"

"हौ, बकऱ्यांची," तू म्हणालीस. "हितं देव न्हाय गं. हा शिंदीखाना हाय. लोकं हितं शिंदी पिऊन पडायची, तितं तू पाया पडलीस."

तेवढ्यात ओढ्याकडून एक म्हातारा लगबगीनं येताना दिसला. हातात तांब्या. वर्षानुवर्षं मुकी असलेली घंटा त्यानं ऐकली होती, आणि त्या घंटेचा त्याला एकच अर्थ माहीत होता.

"आली का गं?" त्यानं लांबूनच विचारलं. डोळ्यांत काय आशा होती!

"न्हाय काका," तू माझ्यापुढं उभी राहत म्हणालीस. "बकरीनं घंटा हलवली."

सासरच्या गावात मला मिळालेलं पहिलं नाव ते. बकरी. तांब्या घेऊन तो बिचारा आल्या पावली परत गेला आणि मी तुझा हात धरला. "कुणाला सांगू नका हो. तुमच्या पाया पडते."

"पाया पडायचं झालं की आत्ताच," तू म्हणालीस आणि उंबऱ्यावरचा नारळ उचलून काखेत घातलास. मी म्हटलं, वाहिलेला नारळ कुणी घेत नसतं. तू म्हणालीस, "मग बकरीला देऊ? असं कर. दरसाली आजच्या दिवशी मला एक नारळ आणून द्यायचा. तवर माझं तोंड बंद."

त्या दिवशी आकितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस होता. तेव्हापासून दर वर्षी आकितीच्या दुसऱ्या दिवशी मी पदराखाली नारळ लपवून तुझ्या ओट्यावर येत राहिले. नवी नवरी असताना घाबरत आले, पोर कडेवर घेऊन आले, पुढं केस पांढरे झाल्यावरही आले. आणि दर वर्षी दुसऱ्या दिवशी तू त्याच नारळाच्या वड्या करून घरोघर वाटायचीस. आमच्या घरीही यायच्या. आमचे हे वडी तोंडात टाकली की नेमके अंगणात निघून जायचे आणि त्यांना ठसका लागायचा. मी पाणी घेऊन मागं धावायची. मला वाटायचं, वेलदोड्याचा दाणा घशात अडकत असेल. एवढी मी शहाणी.

तुझ्या सासऱ्यांनी त्या इमारतीची कथा आपल्या दोघींना ओट्यावर बसून सांगितली होती, आठवतं? गावच्या ओढ्याला तेव्हा शिंदीची झाडं होती. झाडावरून पहाटे उतरवलेली शिंदी सकाळी गोड असते, ऊन चढलं की फेसाळते, दुपारी आंबते. या आपल्या भागातलं ऊन म्हणजे तुला मी काय सांगू. तर ती दिवसभर टिकावी म्हणून बांधणाऱ्यानं अर्धी इमारत जमिनीत उतरवली. दारातून आत गेलं की पायऱ्या खाली जातात. हातभराहून जाड भिंती, भिंतीत खोल खोल कोनाडे, एकेका कोनाड्यात एकेक मडकं. वर माळवद, म्हणजे तुळयांवर अंथरलेलं मातीचं सपाट छप्पर, आणि त्यात एकच झरोका, ऊन आत न येता वारा येईल असा. ताजी मडकी आली की घंटा वाजायची. पुढं दारूबंदी आली, झाडं तुटली, दुकानाला कुलूप लागलं, इमारत ग्रामपंचायतीकडं गेली. तुझ्या सासऱ्यांना राखणीला ठेवलं, त्यांनी आत बकऱ्या बांधल्या.

"गिऱ्हाईक बदललं," ते म्हणायचे, "पन पिऊन धिंगाना घालनारं गिऱ्हाईक गेलं, न पिता घालनारं आलं."

पावसानं दगा दिला त्या वर्षी आपण दोघी खडी फोडायच्या कामावर जात होतो. माझी थोरली लेक तेव्हा तान्ही होती. मी टोपलीवर लुगडं टाकून तिला कामाच्या जागी सावलीत ठेवायची. सावली कसली, दगडाचीच. एके दिवशी दुपारी बघते तर टोपली रिकामी. मी किंचाळत गावाकडं धावले. वाटेत कुणीतरी हात केला तशी शिंदीखान्याच्या पायऱ्या उतरले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. उन्हातून एकदम आत आल्यानं. मग दिसायला लागलं. भिंतीतल्या कोनाड्यांत गोधड्या अंथरलेल्या आणि प्रत्येक कोनाड्यात एकेक पोर झोपलेलं. माझी, तुझा मोठा, मेंढरंवाल्या कोंडाबाईचा. एकाच्याही अंगावर घाम नव्हता. तुझ्या सासूबाई पायरीवर बसून पंखा हलवत होत्या.

कोणी शहाणी असती तर तुझ्या सासूच्या पाया पडली असती. मी काय केलं? "दारूच्या मडक्याच्या जागी माझी पोर!" असं ओरडून तिला उचललं आणि उन्हात घेऊन आले. ती रडायला लागली. तू मागून आलीस. मला वाटलं, भांडशील. तू नुसतं म्हणालीस, "मडकी गेली गं कवाच. भिंतीला दारू चढत न्हाय."

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि तू गेलीस तरी ते संपलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोर तुझ्या सासूकडं आणून दिली, हे मात्र खरं. का, तर टोपलीत तिला घामोळं उठलं होतं. तू फक्त कोनाड्यात एक जास्तीची गोधडी घातलीस.

पुढं मला गावची बालवाडी मिळाली. पत्र्याच्या खोलीत, शाळेच्या मागं. मार्चपासूनच तो पत्रा असा तापायचा की पोरं पाटीवर डोकी टेकून पडायची. तू येऊन म्हणालीस, "शकू, पोरं आमच्यात आण की. गार हाय. कोनाडं हायत, खेळनं ठिवायला." मी तुझ्याकडं असं पाहिलं की जणू तू मला पोरांना शिंदी पाजायला सांगितलंस. म्हणाले, "मैमून, जागेचेही संस्कार असतात." आहाहा! काय वाक्य होतं! कुठल्या तरी भाषणात ऐकलेलं, तेच तुला वाढलं. तू दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणालीस, "आन घामाचे संस्कार कसले असतात गं, मास्तरीण?"

ज्याच्याकडं उत्तर नसतं तो माणूस जास्त ताठ होतो. मी पोरांना त्या पत्र्याखालीच ठेवलं, सेवानिवृत्त होईपर्यंत. बाहेर कडुनिंबाखाली बसवायची, ओल्या फडक्यानं तोंडं पुसायची, पण तुझ्याकडं आणली नाहीत. आज त्यातली कितीतरी पोरं मोठी झालीत, रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात. मी मनात म्हणते, बाळांनो, तुम्हाला भाजून काढलं रे मी.

मग ते दिवस आले. इमारतीच्या पुढच्या भागात देशी दारूचं दुकान सुरू झालं. ग्रामपंचायतीनं भाड्यानं दिलं, आणि तुम्हाला मागच्या एका खोलीत सरकवलं. तेव्हा मी जी पेटले, ती पेटलेच. बायका गोळा केल्या, मोर्चे काढले. शेवटी सरकारचा माणूस येऊन मतदान लागलं. बायकांनी चिठ्ठीवर शिक्का मारायचा. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद. मेंढरं सोडून कोंडाबाई सगळ्यांत आधी रांगेत उभी राहिली. निकाल लागला, बाटली आडवी झाली, आणि मी ओट्यावर चढून भाषण ठोकलं. पदर खोचलेला, आवाज बसलेला, केस सुटलेले. "ही इमारतच पाडून टाका! विटेवर वीट ठेवू नका!"

मागच्या खिडकीतून तुझा आवाज आला. "बकरे, विटा न्हायत गं. दगूड हायत."

सगळ्या बायका हसल्या. मला वाटलं, दगडांना हसल्या.

तू कुठल्या बाटलीवर शिक्का मारलास, हे मी तुला त्यानंतर कितीदा तरी विचारलं. भाजी निवडताना सहज विचारलं, भांडून विचारलं, एकदा तर तुला ताप चढलेला असताना विचारलं. तुझं एकच उत्तर. "मतदान गुप्त असतंय." मला संशय होता की तू उभीवर मारलास. दुकान गेलं तर इमारत जाईल, अशी तुला धास्ती होती म्हणून. त्या संशयापायी मी एकदा महिनाभर तुझ्याशी धड बोलले नव्हते.

आता तू नाहीस तर मला भलतंच सुचतंय. दारूच्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून राहत होतीस तू. मी मोर्चा काढून संध्याकाळी घरी जाऊन वरण-भात खायची. तू मागच्या खोलीत दाराला आतून पाटा लावून पोरांना निजवायचीस. शिव्या तुझ्या कानावर पडायच्या, ओकाऱ्या तुझ्या दारात. आणि मी तुला काय विचारत होते, तर शिक्का कुठं मारलास. तुझं त्या दिवसांत कसं चाललंय, हे मी एकदाही विचारलं नाही. तू सांगितलंही नाहीस. दुकान बंद झाल्यावर मात्र तू एकटीनं ओढ्याचं पाणी वाहून आणलंस आणि ती सगळी जागा, पायरी न पायरी, दगड न दगड घासून धुतलीस. मी ओट्यावरून भाषण करून गेले होते. राखेनं भिंत घासणारी तू होतीस.

त्यानंतर दर उन्हाळ्यात तू दार उघडं टाकू लागलीस. बाळंतिणी, म्हातारी माणसं, पाटात पोहून परत येणारी पोरं, ज्याला ऊन सोसेना तो तुझ्या पायऱ्या उतरून आत बसायचा. वीज गेली की निम्मा गाव तिथं. मीही यायची. आधी मी तुला भेटायला आलेय असं सोंग करायची, मग तेही सोडलं. खाली तुझ्याशेजारी बसून शेंगा फोडताना मी म्हणायची, "गार आहे खरं." तू कधीच म्हणाली नाहीस की बघ, मी सांगत होते. तू शेंगेचं टरफल माझ्या केसांत टाकायचीस. बस्स.

गेल्या चैत्रात तुझी बाज नसीमनं तिथंच खाली लावली. तुझी सून गुणाची आहे हो, तुझ्यापेक्षा शांत आहे. मुलगा चिंचोळीच्या कारखान्यातून आठवड्याला येतो, तोवर तिनंच सगळं केलं. मी ताक घेऊन आले तेव्हा तू झरोक्याकडं बघत पडली होतीस.

"पाडनार हायत म्हनं," तू म्हणालीस. "एक मेच्या सभेत ठराव घेनार. गाळे काढनार."

"तुम्हाला घरकुल मंजूर झालंय ना? मग कशाला काळजी करतेस?"

"माझ्यासाटी न्हाय गं. त्या अंगणवाडीच्या पोरांसाटी. अजून पत्र्यातच हायत ती. तू बोल की सभेत."

मी हसण्यावारी नेलं. म्हणाले, "मीच एकदा ओरडले होते पाडा म्हणून. आता कोणत्या तोंडानं बोलू? लोक विचारतील, आजी, तुमचं मन कधी बदललं? काय सांगू? खरं सांगितलं तर नारळापर्यंत जावं लागेल."

"मग जा की नारळापतूर," तू म्हणालीस. "किती दिवस लपवनार हाईस?"

"म्हणजे म्हातारपणी सगळ्या गावाला हसवू?"

तू भिंतीकडं तोंड केलंस. मला राग आला. ताकाचा गडू तसाच ठेवला, "उद्या येते" म्हणाले आणि पायऱ्या चढून आले. वर उन्हात आल्यावर वाटलं, परत जावं. गुडघ्यांचं निमित्त केलं आणि घरी गेले. सकाळी नसीमची हाक आली, आणि मग उद्याला काही अर्थच राहिला नाही.

मैमून, मी तुला हो म्हटलं असतं गं. थोडी मनधरणी करून घेऊन म्हटलं असतं. मला सवय होती, तू दोनदा म्हणशील. आयुष्यभर तू मला प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणालीस. या वेळी एकदाच.

आकिती आली तेव्हा तुझं चाळिसावंसुद्धा झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं नारळ आणला आणि तो हातात धरून स्वयंपाकघरात बसून राहिले. देणार कुणाला? तो पिशवीत घातला, आणि सभेला जाताना तीच पिशवी काखोटीला मारली. का, ते मला विचारू नकोस.

सभा पंचायतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये. एक मेचं ऊन म्हणजे तव्यावर बसल्यासारखं. माणसं निमंत्रणाच्या कागदांनी वारा घेत होती. शेजारच्या अंगणवाडीतली पोरं रडत होती, एकीचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू. सरपंच आपली सविता. माझ्याच बालवाडीतली, पाटीवर डोकं टेकून सगळ्यांत आधी झोपणारी. तिनं ठराव वाचला. जुनी पडीक इमारत पाडून त्या जागी गाळे बांधावेत. कुणाची हरकत?

मी उभी राहिले. गुडघे वाजले, ते अख्ख्या शेडनं ऐकलं असेल.

"माझी आहे," मी म्हणाले.

मागून एक तरुण म्हणाला, "आजी, तुमीच तर बाटली आडवी केली तवा बोलला हुता न्हवं, पाडा म्हनून? आमच्या आईनं सांगितलंय."

तू म्हणाली होतीस तेच झालं. मी पिशवीतून नारळ काढला. आणि सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. चपला काढल्या ते, कुंकू वाहिलं ते, घंटा वाजवली ते. मी तुला पुजारीण म्हणाले, तू मला बकरी म्हणालीस, तेही. माझी मुलगी मडक्याच्या कोनाड्यात झोपायची हे सांगितलं. मी सविताला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना हट्टापायी पत्र्याखाली भाजलं, हे सांगितलं. म्हणाले, "या गावात आल्या आल्या मी ज्या जागेला हात जोडले ती जागा चुकीची नव्हती. चुकीची होते ती मी, पुढची सगळी वर्षं. मैमून मला सांगत होती. मी ऐकलं नाही. आता ती सांगायला नाही म्हणून मी सांगतेय."

मी हसण्याची वाट बघत थांबले. तयारीच केली होती मी, म्हटलं हसू दे मेल्यांना. पण कुणी हसलंच नाही. पुरुषांनी माना खाली घातल्या. बायकांनी तोंडाला पदर लावले. कोंडाबाई पुढंच बसली होती, ती एकदम खोकायला लागली. मला वाटलं, केवढा हा आदर! माझ्या म्हातारपणाचा किती मान ठेवतात! माझे डोळे भरून आले.

सविता म्हणाली, "बाई, तुमचं सगळं पटतंय. पण इमारत जुनी आहे. कुणाच्या डोक्यावर पडली तर?"

"आधी आत येऊन तर बस," मी म्हणाले. "सभा तिथं घेऊ. नाही आवडलं तर पाडा."

आणि मी निघाले. मागं वळून पाहिलं नाही, कुणी आलं नसतं तर फजिती झाली असती. ओट्यावर चढले, घंटेला हात घातला आणि वाजवली. तशीच, दणदणून. नसीमनं आतून दार उघडलं, तिच्या चेहऱ्यावर तुझंच हसू होतं. तेव्हा मागं पाहिलं. अख्खी सभा येत होती. अंगणवाडीच्या ताई पोरांना कडेवर घेऊन येत होत्या.

पायऱ्या उतरून सगळे खाली बसले. घाम वाळत होता. एकानं टोपी काढून भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. नसीमनं तुझ्या गोधड्या कोनाड्यांत अंथरल्या, तिला कुणी सांगितलं नव्हतं. एक एक पोर तिथं ठेवलं गेलं. मघापासून रडणारी ती पोरगी, तिचा हुंदका अर्ध्यातच राहिला आणि ती झोपली. सविता त्या पोरीकडं बघत होती.

मग ती हळू आवाजात बोलली, पोरं उठू नयेत म्हणून. गाळ्यांचा ठराव मागं घेतला. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती घालायची, इंजिनियरला बोलावून तुळया आणि भिंती तपासायच्या, त्यानं बरं म्हटलं तर पुढच्या उन्हाळ्यापासून अंगणवाडी इथं. म्हणजे अजून सगळं पक्कं नाही. इंजिनियर काय म्हणतो त्यावर आहे. पण त्या दिवशी तिथं हात वर करणाऱ्यांत तो मागून बोलणारा तरुणही होता, आणि त्याचा दुसरा हात एका पोराच्या गोधडीवर होता.

सभा संपली. माणसं वर गेली. मी मात्र शेवटच्या पायरीवर बसून राहिले, तुझी बाज असायची तिच्याजवळ. नारळ मांडीवर. मला तुला सांगायचं होतं की मी नारळापर्यंत गेले. गावाला हसवायला गेले आणि गाव हसलंसुद्धा नाही, बघ कशी मी. तेवढ्यात काठी टेकत कोंडाबाई खाली आली आणि माझ्याशेजारी बसली. तिचे डोळे ओले होते, गालसुद्धा. मला वाटलं, रडते आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "कोंडे, आज माझं गुपित फुटलं गं." त्यावर ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्यानं ते बदलवत नाही:

"गुपित म्हनं! मास्तरणे, त्यो तांब्या घिऊन पळत आलेला म्हातारा माजा सासरा हुता. बकरीला पदर नसतुया, हे त्येला कळत न्हवतं व्हय? सांजच्याला सगळ्या गावाला ठावं झालं, तुज्या मालकाला बी. मंग मैमून दारोदार फिरली. म्हनली, 'नवी पोर हाय, शेहरातली हाय, तिच्या म्होरं कुनी हसायचं न्हाय. लईच आलं हसू, तर आकितीला माज्याकडं या, तिच्याच नारळाची वडी खावा, आन हितं बसून काय हसायचं त्ये हसून घ्या.' आमी दरसाली येत हुतो, ह्याच पायऱ्यांवर बसत हुतो. आज सभेत तुज्या म्होरं दाबून दाबून माज्या बरगड्या दुखाय लागल्या बघ. आता ती न्हाय. तवा ह्या नारळाच्या वड्या तू कर, आन आमी तुज्या म्होरंच हसतो."